कारखाना परळला, आकडा मालवणला

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीचा मथळा वाचायची गरज उरत नाही. कोकण विभाग अव्वल. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं वेगळं मंडळ २०१२ पासून परीक्षा घेऊ लागलं, तेव्हापासून जवळपास दरवर्षी हेच. २०२४ ला तर दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला. त्या दिवशी कुणीतरी हमखास म्हणतं, "बघा, जिल्ह्यात धड एक मोठा कारखाना नाही, तरी पोरं कशी शिकतात!" आणि शेजारचा म्हणतो, "शिकून करतात काय? मुंबईची गाडी पकडतात." नाणारच्या रिफायनरीचा वाद पेटला (देवगडातली गिर्ये आणि रामेश्वर ही गावंही त्यात होती) तेव्हा हीच दोन वाक्यं आकडेवारीचा सदरा घालून पुन्हा भेटली.

दोघांच्याही डोक्यात नकळत एकच आलेख असतो. आडव्या अक्षावर जिल्ह्याचं कारखानी उत्पादन, उभ्या अक्षावर साक्षरतेसारखं एखादं सामाजिक मोजमाप, आणि प्रत्येक जिल्ह्याचा एक ठिपका. महाराष्ट्राचा असा आलेख मांडला तर मुंबई, ठाणे, पुणे उजवीकडे वर जाऊन बसतात, नंदुरबार आणि गडचिरोली डावीकडे खाली राहतात, आणि मधून चढती रेघ ओढायचा मोह होतो. ठिपके त्या रेघेला किती चिकटून आहेत हे सांगणारी संख्या म्हणजे सहसंबंध गुणांक. कार्ल पिअर्सनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला आजचं रूप दिलं. उणे एक ते अधिक एक एवढीच तिची धाव. शून्याजवळ असेल तर सरळ रेघेत बसणारं नातं नाही, टोकाजवळ असेल तर घट्ट नातं. ते नातं कशामुळे आहे, याबद्दल ती संख्या काहीच बोलत नाही.

या आलेखात सिंधुदुर्गाचा ठिपका रेघेला फटकून असतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ८५.५६ टक्के, राज्याची ८२.३४. २०१६ साली ग्रामीण स्वच्छतेच्या केंद्रीय सर्वेक्षणात मैदानी जिल्ह्यांत देशात पहिला नंबर. (करूळचा किंवा आंबोलीचा घाट उतरून आलेल्याला 'मैदानी' वाचून हसू येईल, ते असो.) कारखानदारी म्हणाल तर कुडाळची एमआयडीसी, काजूच्या फॅक्टऱ्या, आंबा-कोकमाचे प्रक्रिया उद्योग. म्हणजे ठिपका डावीकडे, पण वर. घाईतला अभ्यासक असा ठिपका अपवाद म्हणून बाजूला सारतो. मला वाटतं, खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

कारण या मुलखाने कारखानदारी केलीच नाही, हे खरं नाही. पिढ्यान् पिढ्या केली, फक्त ती परळ, लालबाग, शिवडी आणि नायगावात केली. आगबोटीने मालवण, देवगड, वेंगुर्ल्याहून निघालेला गडी गिरणीत लागायचा आणि गावच्या मंडळाच्या गाळ्यात पथारी टाकायचा. खोली एक, माणसं वीस-पंचवीस. रात्रपाळीचे परतले की दिवसपाळीचे उठून जागा मोकळी करणार. भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका, जेवण खाणावळीत. पगार झाला की पोस्टात रांग. मनीऑर्डरच्या फॉर्मवर तळाशी दोन ओळी लिहायला जागा असायची. तिथे घरच्या साऱ्या कारभाराच्या सूचना कोंबलेल्या: पोराची फी भर, कौलं शाकारून घे, बाकीचे वाण्याला दे. गावी त्या ओळी कधी पोस्टमन वाचून दाखवी, कधी शाळेत जाणारं पोर. अक्षरओळखीचा इतका रोकडा उपयोग दारात येऊन उभा राहत असेल, तर पोराला शाळेत घालायला वेगळं प्रबोधन लागत नाही.

आता हिशेब बघा. कापडाचे वार मुंबईच्या खात्यावर चढले. त्या पगारावर शिकलेल्या पोराचं नाव मालवण तालुक्यातल्या शाळेच्या पटावर आलं. एकाच पाळीची ही दोन टोकं, नोंदली गेली दोन जिल्ह्यांत. आलेख काढणाऱ्याला मुंबईचं उत्पादन दिसतं, सिंधुदुर्गाची साक्षरता दिसते, आणि दोहोंना जोडणारी मनीऑर्डर कुठल्याच रकान्यात नसते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी कायमचे. उत्पादन आणि सामाजिक प्रगती एकमेकांना दोरीने बांधलेली असती तर सिंधुदुर्गाची साक्षरता त्यानंतर अडखळायला हवी होती. ती वाढतच राहिली. तोवर गिरणीच्या पैशावर शिकलेली पिढी बँकेत, बेस्टमध्ये, पोलिसात, शिक्षकी पेशात शिरली होती. म्हणजे या दोन आकड्यांत नातं असलंच तर ते वीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने चालतं. एकाच सालचे आकडे शेजारी ठेवून ते सापडणार नाही.

स्त्री-पुरुष प्रमाणाचा आकडा तर याहून फसवा. २०११ ला सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या, रत्नागिरीत ११२२. राज्याची सरासरी ९२९. भाषणांत हा आकडा कोकणातल्या बाईच्या सन्मानाचा पुरावा म्हणून येतो. पण त्याच जनगणनेत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या, आणि शंभर वर्षांपूर्वी तिथे हाच आकडा सव्वापाचशेच्या आसपास होता. इथले जास्तीचे आणि तिथले कमी हे बऱ्याच अंशी एकाच घराचे दोन तुकडे आहेत. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्रमाण पाहा, कारण ती नोकरीसाठी कुठे जात नाहीत: सिंधुदुर्गात हजार मुलग्यांमागे ९२२ मुली. राज्याच्या ८९४ पेक्षा बरं, पण हजाराच्या खालीच. सन्मान मोजायचाच असेल तर तो या आकड्यात मोजावा. २०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. गणपतीत घरोघरी हजर असलेली माणसंच मोजली असती तर चाकरमान्यांनी भरलेल्या घरांनी १०३६ चा आकडा किती खाली आणला असता, कल्पना करा.

या सापळ्यावर अमेरिकेत १९५० साली विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने बोट ठेवलं. १९३० च्या जनगणनेवरून त्याने पाहिलं की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी. गुणांक उणे ०.५३. म्हणजे स्थलांतरित जास्त शिकलेले? माणसागणिक हिशेब केला तेव्हा गुणांक निघाला अधिक ०.१२: स्थलांतरित थोडे अधिकच निरक्षर होते. ते येऊन राहिले होते ते मुळात साक्षर, कमाईच्या राज्यांत, एवढंच. प्रदेशाचा गुण माणसाला चिकटवला की असं होतं. आपल्याकडे शिकलेला बाहेर जातो, कमाई बाहेर नोंदली जाते, आणि मागे राहिलेल्या गावाची सरासरी आपण 'मातीचा गुण' म्हणून मिरवतो.

ही गोष्ट गिरण्यांबरोबर संपलीही नाही. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग भागातून कितीतरी तरुण रोज गोव्यातल्या औद्योगिक वसाहतींत कामाला जातात. उत्पादन गोव्याचं, घर सिंधुदुर्गाचं. दुखणं मोठं असेल तर पेशंटही गोव्यातच, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. गोव्याने जानेवारी २०१८ पासून बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभं राहिलं, ते काही उगाच नाही. जिल्ह्याच्या आरोग्याच्या आकड्यात बांबोळीचा वाटा किती, हे कुठल्याही जिल्हा पुस्तिकेत सापडत नाही.

दुसरी गोम आडव्या अक्षातच आहे. कारखाना कशाला म्हणायचं? उद्योगांच्या वार्षिक पाहणीची जुनी व्याख्या अशी: विजेवर चालत असेल तर किमान १० कामगार, विजेविना असेल तर किमान २०. वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या घरामागच्या काजू युनिटात जाऊन बघा. बी वाफवून सुकवलेली, चार-पाच बाया कटरवर बसलेल्या. पायाने दाब द्यायचा, हाताने दांडा ओढायचा, टरफल दुभंगलं की गर अख्खा निघायला हवा, कारण अख्ख्या आणि तुकड्याच्या भावात मोठा फरक. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बोटांना आधी खाद्यतेल किंवा राख चोळलेली. मग सुकवणं, साल काढणं, प्रतवारी. डब्ल्यू-२४० म्हणजे पौंडात साधारण २४० गर बसतील एवढा टपोरा माल. त्या बायांपैकी एकीलाही आपण उत्पादन क्षेत्रात आहोत याबद्दल शंका नाही. फक्त पाहणीच्या यादीत ते युनिट नाही. त्यातून जिल्हा उत्पन्नाचे बरेच आकडे वरून खाली येतात: राज्याचा एकूण अंदाज घ्यायचा आणि काही निर्देशक लावून तो जिल्ह्याजिल्ह्यांत वाटायचा. असा वाटून आलेला आकडा आडव्या अक्षावर ठेवून दशांशचिन्हापुढे तीन घरं गुणांक काढणं हा कोरडा विनोद आहे.

मग कारखाना हवा की नको, यावर आकडे गप्पच बसणार का? तसंही नाही. जिल्हे एकमेकांशेजारी मांडण्यापेक्षा एकच तालुका कारखान्याआधी आणि नंतर पाहावा, आणि तिथून बाहेर गेलेल्यांनाही हिशेबात धरावं. जनगणनेत जन्मस्थान, आधीचं राहण्याचं ठिकाण आणि तिथून निघण्याचं कारण विचारलं जातं. स्थलांतराचे ते तक्ते २०११ नंतर कित्येक वर्षांनी हाती आले. पुढच्या गणतीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. या वेळी मुंबई, ठाणे आणि गोव्याच्या तक्त्यांतली सिंधुदुर्गातून गेलेली माणसं निराळी काढून ती मालवण, कुडाळ, सावंतवाडीच्या तक्त्यांना जोडण्याचं काम ओरोसच्या जिल्हा सांख्यिकी कार्यालयाने किंवा एखाद्या कॉलेजच्या अर्थशास्त्र विभागाने अंगावर घ्यायला हरकत नाही.