भाकीत मुंबईचं, रहदारी कारंज्याची

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. उपग्रहांवरून येणारं इंटरनेट ज्या जिल्ह्यांत आधी पोचवायचं ठरलं, त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि धाराशिवच्या जोडीला वाशिमचं नाव आहे. वाशिम जिल्ह्याची हद्द यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्याला लागूनच. शिवेपलीकडे आभाळातून नेट येणार, मग आपल्याकडे कधी, असा प्रश्न दारव्ह्याच्या टपऱ्यांवर निघाला तर नवल नाही. त्यात २०३० पर्यंत ६जी आणायचं उद्दिष्ट केंद्र सरकारने मार्च २०२३ च्या दृष्टिपत्रात आधीच लिहून ठेवलंय. थोडक्यात, भाकितांचा हंगाम पुन्हा भरात आहे.

या हंगामाचा पूर्वेतिहास मात्र मोठा करमणुकीचा आहे. इथरनेटचा सहनिर्माता बॉब मेटकाफ याने डिसेंबर १९९५ मध्ये ‘इन्फोवर्ल्ड’ साप्ताहिकातल्या आपल्या सदरात लिहिलं की १९९६ सालात इंटरनेट स्वतःच्याच भाराने कोसळणार. चुकलो तर शब्द गिळीन, असंही तो म्हणाला. १९९७ मध्ये एका परिषदेत त्याने भर सभेत ते छापील पान मिक्सरमध्ये पाण्यासारख्या द्रवात घुसळलं आणि खरोखर पिऊन टाकलं. भाकीत चुकल्यावर इतका प्रामाणिकपणा त्यानंतर कुणी दाखवल्याचं ऐकिवात नाही.

कारण पुढची चूक उलट दिशेची होती, आणि ती कुणीच गिळली नाही. ‘इंटरनेटवरची रहदारी दर शंभर दिवसांनी दुप्पट होते’ हे वाक्य १९९७-९८ च्या सुमारास अमेरिकेत सर्वतोमुखी झालं. वर्ल्डकॉम आणि तिची उपकंपनी यूयूनेट यांच्या तोंडी ते होतंच. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या १९९८ च्या अहवालातही ते शिरलं. गणित करून बघावं. शंभर दिवसांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेबारा पट, आणि पाच वर्षांत तीन लाख पट! या वाक्यावर विसंबून समुद्रतळाशी आणि महामार्गांच्या कडेने अफाट फायबर पुरली गेली. जुलै २००२ मध्ये वर्ल्डकॉमने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा त्यातली बरीचशी फायबर अंधारातच पडून होती.

हे वाक्य तपासून पाहण्याची तसदी घेतली अँड्र्यू ओड्लिझ्को या गणितज्ञाने. तो तेव्हा एटी अँड टीच्या संशोधन विभागात होता, पुढे मिनेसोटा विद्यापीठात गेला. आपला सहकारी कॉफमन याच्याबरोबर त्याने उपलब्ध आकडे गोळा केले. १९९५-९६ च्या काळात काही महिने रहदारी खरंच तीन-चार महिन्यांत दुप्पट होत होती, पण त्याआधी आणि त्यानंतर वेग साधारण वर्षाला दुप्पट असाच होता. वर्षाला दुप्पट हाही भन्नाट वेग आहे. पण पाच वर्षांत त्याने ३२ पट होतात, तीन लाख पट नव्हे.

भारतातही भाकितं दोन्ही बाजूंनी घसरली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचं लक्ष्य ठेवलं होतं. तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजेच ब्रॉडबँड, आणि मुख्य भिस्त टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवर. २०१० च्या अखेरीला आकडा होता सुमारे १.१ कोटी. पुढच्या दहा वर्षांत मात्र तो ७४ कोटींच्या वर गेला, आणि त्यातला जवळपास सगळा मोबाइलच्या हवेतून आला. तारांच्या वाटेने यायचं ते बरंचसं वाटेतच राहिलं. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याने अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. त्याचंच नाव पुढे भारतनेट झालं, आणि दशक उलटून गेल्यावरही काम चालूच राहिलं.

गंमत अशी की या सगळ्या धक्क्यांखाली ओड्लिझ्कोची लय कायम दिसते. २०१४ साली भारतातला मोबाइल ग्राहक महिन्याला सरासरी ६० एमबीच्या आसपास डेटा वापरायचा, २०२४ मध्ये २० जीबीच्या आसपास. मध्ये ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि सगळ्या किमती कोलमडल्या. तरी दहा वर्षांचा हिशेब काढला तर सव्वातीनशे पट, म्हणजे सरासरी चौदा महिन्यांनी दुप्पट. किती वाढणार याचा अंदाज, डोकं थंड ठेवलं तर, बांधता येतो. कोण कुणाशी आणि कशासाठी जोडलं जाणार, इथे भले भले आपटतात.

या मुद्द्यावर ओड्लिझ्कोने इतिहासात जे उकरून काढलं ते कुठल्याही ६जीपेक्षा रोमांचक आहे. १८४० च्या दशकात ब्रिटनमध्ये रेल्वेचं वेड शिगेला पोचलं होतं. नव्या मार्गाचे शेअर विकण्याआधी रस्त्याच्या कडेला माणसं बसवून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या मोजल्या जात आणि त्यावरून उत्पन्नाची भाकितं केली जात. सगळ्यांच्या मनात चित्र एकच: रेल्वे म्हणजे मोठ्या शहरातून मोठ्या शहरात. मधली गावं म्हणजे वेळेचा खोळंबा. म्हणून मार्ग आखले जात ते नाकासमोर, महानगर ते महानगर.

त्याच वेळी बेल्जियममध्ये आंरी-गियोम देसार नावाचा एक अभियंता वेगळंच काही पाहत होता. तिथली रेल्वे सरकारी, आणि तिच्या प्रवाशांचे तपशीलवार आकडे प्रसिद्ध होत. ते चाळून देसारने १८४६ मध्ये नियम काढला: दोन गावांमधले प्रवासी त्यांच्या लोकसंख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतात आणि अंतराबरोबर झपाट्याने घटतात. अंतर दुप्पट झालं तर प्रवासी निम्मे होत नाहीत, चौथाईच्या आसपास येतात. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखाच हा नियम, म्हणून आज अशा नियमांना गुरुत्व-प्रतिमान म्हणतात. त्यातून निघणारा निष्कर्ष गुंतवणूकदारांना मुळीच रुचणारा नव्हता: गाड्या भरतात त्या मधल्या गावांच्या जवळजवळच्या प्रवासाने. ब्रिटनमध्ये हे छापूनही आलं. रेल्वेचं वेड इतकं चढलं होतं की कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे हा शोध इतरांच्या नावावर लागला. ओड्लिझ्कोने २०१५ मध्ये दाखवून दिलं की जग समजत होतं त्याच्या डझनभर वर्षं आधीच देसारने तो लावला होता. इतकं करूनही देसारचं नाव किती पाठ्यपुस्तकांत सापडेल, शंकाच आहे.

दारव्ह्याला देसार समजावून सांगायची गरज नाही. तिथल्या मोतीबाग रेल्वे स्थानकावर त्याच्या नियमाचा प्रयोग होऊन गेलेला आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज म्हणजे शकुंतला. किलिक निक्सन कंपनीने १९१० मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर, तिथून मुंबईला आणि मुंबईहून मँचेस्टरकडे नेण्यासाठी होती. भाकीत असं सरळसोट लांब पल्ल्याचं. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत ती ओढत होतं. तोवर कापूस केव्हाच ट्रकवर चढला होता, आणि गाडीत बसत होती ती बाजाराला, दवाखान्याला, सोयऱ्यांकडे निघालेली माणसं, मध्येच कुठेतरी उतरणारी. गरिबांची गाडी हीच तिची ओळख झाली. ज्यासाठी रूळ टाकले ते गेलं, आणि ज्याचा कुणी हिशेबच केला नव्हता त्याने तिला कित्येक दशकं जगवलं.

देसारचं गणित दारव्ह्यापुरतं पाटीवर मांडून पाहता येतं. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची, यवतमाळ १ लाख १६ हजारांचं, वाशिम जिल्ह्यातलं कारंजा ६५-७० हजारांचं. दारव्ह्याहून सरळ रेषेत मुंबई सुमारे ५३० किलोमीटर, यवतमाळ ३८, कारंजा ३५. लोकसंख्येला अंतराच्या वर्गाने भागलं की कारंजा मुंबईच्या पुढे निघतं आणि यवतमाळ जवळपास दुप्पट. आसपासचे दिग्रस, नेर, पुसद तर अजून मोजलेच नाहीत.

रेल्वेचं ठीक, पण इंटरनेटला अंतराचं काय? तार तर प्रकाशाच्या वेगाशी खेळते, असा आक्षेप कुणीही घेईल. त्याचं उत्तरही योगायोगाने बेल्जियममधूनच आलं. २००९ मध्ये लुव्हेन विद्यापीठातल्या व्हिन्सेंट ब्लोंदेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका मोबाइल कंपनीच्या २५ लाख ग्राहकांच्या फोनव्यवहाराचा, नावं गाळून, अभ्यास केला. शहराशहरांतला संवाद लोकसंख्यांच्या गुणाकाराला अंतराच्या वर्गाने भागावं तसाच निघाला. अंतरामुळे पैसे किंवा वेळ जास्त लागत नसतानाही माणूस बोलतो तो जवळच्यांशीच.

ओड्लिझ्कोचा २००१ मधला एक प्रसिद्ध लेख याच अंगाने जातो. करमणूक आणि मजकूर विकणारे स्वतःला जाळ्याचे राजे समजतात, पण लोक खरे पैसे मोजतात ते एकमेकांशी बोलण्यासाठी, असं त्याचं म्हणणं. पुरावा १८३२ च्या अमेरिकी टपालाचा: टपालाच्या वजनात वर्तमानपत्रांचा वाटा ९५ टक्क्यांपर्यंत, उत्पन्नात मात्र जेमतेम १५. बाकी सगळं पत्रांवर चालायचं. आज डेटाचा मोठा वाटा व्हिडिओ खातो, त्यामुळे ओड्लिझ्को चुकला असं म्हणणारे पुष्कळ. पण वजन आणि किंमत यांतला फरक त्यांच्या लक्षात येत नाही. रील दिसलं नाही तर चिडचिड होते. घरच्यांचा व्हॉट्सॲप बंद पडला तर माणूस दुसरं सिम घेतो.

जाळ्याच्या जन्मापासून हेच होत आलंय. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट बांधलं गेलं दूरचे महागडे संगणक वाटून वापरायला. १९७३ मध्ये पाहणी केली तर तीन चतुर्थांश रहदारी ई-मेलची निघाली. भारतात इंटरनेट म्हटलं की १५ ऑगस्ट १९९५ आणि व्हीएसएनएल आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात, जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत श्रीनिवासन रमाणी आणि मंडळी अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या तारेवरून शास्त्रज्ञांची पत्रंच पोचवत होती.

महाराष्ट्रातलं सगळ्यात बोलकं उदाहरण वारणेचं. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा सहकारी परिसरातली ७० गावं संगणक केंद्रांनी जोडायचा प्रकल्प सुरू झाला. स्वप्न जगभरच्या ज्ञानाचं होतं. शेतकरी केंद्रावर येत ते ऊसतोडीची पाळी, वजन, खत आणि बिल बघायला. हे सगळं एसएमएसवर मावतं हे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी ओळखलं. सात गावांत आठ महिने त्यांनी संगणकाऐवजी साधा मोबाइल वापरून दाखवला. काम तेच, खर्च कमी, आणि शेतकरी जास्त खूश. कारखाना आणि शेतकरी यांच्यातलं काही किलोमीटरांचं बोलणं, हाच त्या जाळ्याचा खरा धंदा होता.

लांब पल्ल्याचं जाळं वऱ्हाडाला नवं नाही, हेही सांगायला हवं. १८७० मध्ये खामगावला आगगाडीबरोबर तारायंत्र आलं, आणि लिव्हरपूलचा व्यापारी तारेने मागवलेला वऱ्हाडी कापूस सहा आठवड्यांत गोदीवर उतरवून घेऊ लागला. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या विक्रीसाठी ‘कपास किसान’ ॲप आणलं. दारव्ह्याच्या शेतकऱ्याने त्यावर नोंदणी करून वेळ ठरवायची. इथे तार लिव्हरपूलला जात नाही. शेत, तलाठ्याची नोंद आणि तालुक्यातलं खरेदी केंद्र एवढ्यातच तिचा प्रवास.

आता उपग्रहांकडे. स्टारलिंकचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरून फिरतात, जुने दळणवळण उपग्रह जवळपास ३६ हजारांवर. त्यामुळे जुन्या उपग्रहावर जाणवणारा अर्ध्या सेकंदाचा विलंब इथे नाही. हे यश खरं आहे. पण एका झोताची क्षमता त्याच्याखालच्या सगळ्यांनी वाटून घ्यायची असते. पाण्याच्या टँकरसारखं ते आहे: डोंगरातल्या पाच घरांच्या पोडाला पुरून उरेल, दारव्ह्याच्या मेन रोडला नाही. तिथे फायबरच लागेल, आणि टॉवरपर्यंतही फायबरच. ६जीच्या जाहिरातींत मोठमोठ्या गिगाबिटांबरोबर हे सहसा सांगत नाहीत.

जवळची रहदारी जवळच वळवण्याची सोय मात्र करता येते. २००३ पर्यंत दोन भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांमधला डेटा पुष्कळदा परदेशात जाऊन परत येई. निक्सी हे देशी अदलाबदल केंद्र निघालं ते यासाठीच. लोकप्रिय व्हिडिओही आता जवळच्या शहरातल्या सर्व्हरवर साठवून ठेवतात. पण तालुक्या-तालुक्यातलं काय चालतं, हे बाहेरच्या कुणाला कळायचा मार्ग नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे तिमाही अहवाल परवाना-क्षेत्रांनुसार निघतात. मुंबई वेगळी, आणि दारव्हा गोव्यासकट उरलेल्या महाराष्ट्राच्या एका बेरजेत. दारव्हा ते कारंजा रोज किती फोन, किती फोटो, किती पैसे जातात-येतात, हा आकडा कंपन्यांच्या सर्व्हरवर असतो. देसारला असे आकडे सरकारी रेल्वेच्या छापील तक्त्यांत मिळाले होते, १८४६ साली.