वीणेचा पहारा अन् मोबाइलची मॅच : दोन्हीच्या पाळ्या लावा

बोंडअळी आणि खताच्या हप्त्यासोबत हल्ली बांधावर आणखी एक प्रश्न निघतो. पोरगं रात्र-रात्र मोबाइलवर खेळतं आणि यातच करिअर करायचं म्हणतं. इकडे भजनी मंडळाचा पखवाज त्याच्याकडेच आहे. तो आला नाही की चाल अडते. आता पोराला आवरायचं, की मंडळाला दुसरा पखवाजी शोधायला सांगायचं?

घाई करू नका. आधी दोन्ही बाजू नीट समजून घेऊ.

खेळ कोणता, हे आधी पाहा

मोबाइलवरचे सगळे खेळ एका मापाने मोजू नका. पैसे लावून पत्ते खेळणं वेगळं आणि चार जणांचा संघ करून स्पर्धा खेळणं वेगळं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई आहे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. घरातलं पोरगं पैसे लावत असेल तर ते करिअर नव्हे. कापसाची पट्टी त्यात जायला एक रात्र पुरते. बँकेचं पासबुक तपासा, तिथे खरं काय ते कळेल.

स्पर्धेच्या खेळातही गाळप मोठं आहे. बीजीएमआय या खेळाच्या २०२१ च्या मोठ्या स्पर्धेत एकूण एक कोटीची बक्षिसं होती, पण अंतिम फेरीत संघ फक्त १६ होते. म्हणजे साऱ्या देशातून मैदानात ६४ जण. शिवाय हा खेळ बेभरवशाचा. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली. त्याच धर्तीचा बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परत सुरू झाला. मधले दहा महिने त्यावर पोट असणाऱ्यांनी काय केलं असेल, विचार करा. पीक उभं असताना बाजारच बंद व्हावा, तशी गत.

मंडळ म्हणजे नुसता टाळ नव्हे

मंडळाची बाजूही पाहा. ज्याने तुळशीची माळ घातली, त्याने एकादशी आणि वारीचा नेम घेतला. मंडळात लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात. घरात दुखणं-भाणं झालं, मयत झाली, तर पहिली धावून येतात ती हीच माणसं. हे नातं पैशाने विकत मिळत नाही.

पण मंडळालाही माणूस वेळेवर लागतो. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. सात दिवसांचे १६८ तास होतात. दोन-दोन तासांची पाळी धरली तर ८४ पहारे झाले. एक जण चुकला की आधीच्याला तसंच उभं राहावं लागतं. मोबाइलच्या संघातही चारातला एक नसला की बाकी तिघांचं काम बिघडतं. नियम दोन्हीकडे एकच : पाळी चुकवायची नाही. अडचण एवढीच, की मंडळाला वाटतं पोरगं टवाळकी करतं आणि पोरगं मॅचची तारीख कुणाला सांगत नाही.

आंतरपिकासारखं नियोजन करा

कपाशीत मूग घेतो तेव्हा ओळींचं प्रमाण आधी ठरवतो. मूग साठ-पासष्ट दिवसांत निघतो, कपाशी पुढे उभी राहते. खेळाची उमेद तरण्या वयाची, मंडळ जन्माचं. म्हणून पुढील गोष्टी करून पाहा.

१) मॅचच्या तारखा आणि सप्ताहाची पत्रिका एकाच कॅलेंडरवर लिहा. स्पर्धेची वेळ बहुधा संध्याकाळी-रात्री, नेमकी हरिपाठ-कीर्तनाची. त्या दिवशी पोराने पहाटेचा काकडा किंवा दुपारचा पहारा घ्यावा, आणि बदली माणूस स्वतः शोधून द्यावा.

२) आषाढी, सप्ताह आणि काल्याचा दिवस हे ठरलेले असतात. संघातल्या मुलांना ते दोन महिने आधी सांगावं.

३) रात्रीच्या लाइटची पाळी असलेल्या फीडरवर पोरं मोटारीपाशी बसून खेळतात. जागरण कुणाच्या खाती गेलं ते कळत नाही. बीजीएमआय २०२३ मध्ये परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तासांची मर्यादा होती. तुमच्या घरची मर्यादा तुम्ही लावा.

४) शिक्षण किंवा हातातलं काम सोडून खेळ नको. गारखेडा परिसरात खोली करून राहणाऱ्या खेड्यातल्या मुलांकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावं. तिथे मंडळही नाही आणि दार वाजवणारंही कुणी नाही. महिन्यातून एक एकादशी तरी त्याला गावी बोलवा.

५) खेळावाचून राहवत नाही, जेवण-झोप-माणसं सगळी सुटली, असं दिसलं तर मारहाण करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने याची आजारात नोंद केली आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

सरपंच, ग्रामसेवक आणि मंडळाच्या अध्यक्षांनाही विनंती आहे. पोरगं दोन पहाऱ्यांना आलं नाही म्हणून त्याचं नाव यादीतून कापू नका. एखाद दिवशी त्याची मॅच पारावर बसून पाहा, काय चाललंय ते विचारा. उद्या खेळ बंद पडला किंवा हात चालेनासा झाला, तर त्याला परत यायला जागा पाहिजे. पखवाज कुणीही शिकेल, पण मंडळातून उठलेला तरुण पुन्हा आणून बसवणं फार अवघड असतं.