मुक्त खेळांना वाली हवा

शाळांना सुट्टी लागली की वेंगुर्ल्यातील घरांच्या ओसरीवर पूर्वी पत्त्यांचे आणि बुद्धिबळाचे डाव रंगत. आता त्याच ओसरीवर मुले मोबाइलच्या पडद्यात डोके घालून बसलेली दिसतात. याबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला, हे योग्यच झाले. परंतु मुलांनी काय खेळू नये एवढेच कायदा सांगू शकतो. काय खेळावे, हे दाखविण्याची जबाबदारी समाजावरच राहते.

ती पार पाडण्यासाठी लागणारी सामग्री आज तयार आहे. 1983 मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलींच्या चळवळीचा प्रारंभ केला. आज्ञावली हवी तशी वापरावी, तिचे अंतरंग अभ्यासावे, ती इतरांना द्यावी आणि सुधारून पुन्हा वाटावी, असे चार हक्क या चळवळीने मानले. याच तत्त्वावर 2000 साली फ्रान्समध्ये ‘जीकॉम्प्री’ हा खेळसंच जन्मास आला. त्याच्या नावातच ‘मला समजले’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवर श्लेष आहे. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यात अंकगणित, वाचन, भूगोल अशा विषयांचे शंभराहून अधिक खेळ आहेत. 2010 मध्ये सुरू झालेले ‘लीचेस’ हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ असेच मुक्त आहे. या दोहोंत जाहिराती नाहीत, की पुढची पायरी गाठण्यासाठी पैसे मोजण्याचे आमिष नाही.

मग हे खेळ घरोघर का पोहोचले नाहीत? कारण सरळ आहे. जो खेळ विकायचा नाही, त्याची जाहिरात कोण करणार? विक्रेत्याच्या खेळामागे पगारी माणसांची फौज असते. मुक्त खेळामागे केवळ त्याचा गुण. आणि गुण आपल्या पायांनी चालत जात नाही. शिवाय ‘फुकट ते हलके’ हा ग्रह आड येतो तो वेगळाच. मुक्त आणि फुकट यांतील भेद समजावून सांगायलाही माणूस लागतोच.

याचा दाखला वेंगुर्ल्याच्या शेजारीच आहे. सावंतवाडीची गंजिफा कोणा एकाच्या मालकीची नव्हती. दशावतारी गंजिफेची दहा रंगांची एकशेवीस पाने कोणीही रंगवावी, कोणीही खेळावी. तरीही छापील पत्त्यांपुढे ती मागे पडली आणि रंगविणारे हात विरळ झाले. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला जाणणाऱ्या वृद्ध चिताऱ्याला शोधून तिला राजवाड्यात आश्रय दिला, म्हणून ती वाचली. सर्वांची असलेली वस्तू कोणाचीच नसल्यासारखी होते. तिला वाली लागतो.

असे वाली संघटित करता येतात. केरळात 2018 पासून माध्यमिक शाळांतून ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळे चालतात आणि तेथील शाळांचे संगणक मुक्त प्रणालीवर काम करतात. तेथे शासनाचे पाठबळ आहे, हे खरे. पण आरंभ लहान प्रमाणावरही होऊ शकतो. वेंगुर्ल्यात नगर वाचनालय आहे, बॅ. खर्डेकर महाविद्यालय आहे, निवृत्त शिक्षक आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी शाळांतील जुन्या संगणकांवर हे खेळ बसवावेत. शिक्षकांनी कोणता खेळ कोणत्या इयत्तेला उपयोगी, याची नोंद ठेवावी. कारकुनी कामात मुरलेल्यांनी मराठी अनुवाद नजरेखालून घालावा. जीकॉम्प्रीतील शब्द आणि उच्चार त्या त्या भाषेचे स्वयंसेवकच पुरवितात. ज्या भाषेचे लोक पुढे येतात, तिचेच काम पुढे सरकते.

अशा उपक्रमांचा उत्साह लवकर ओसरतो, हाही अनुभव आहे. म्हणून प्रत्येकाकडे एकच शाळा, एकच वार आणि एकच ठरलेले काम असावे. कचरा घरातच वेगळा करण्याची सवय वेंगुर्ल्याने अंगी बाणविली, ती एका दिवसाच्या समारंभाने नव्हे. दारोदार रोज फिरलेल्या माणसांमुळे. मुलांच्या हातातून मोबाइल काढून घेणे सोपे आहे. रिकाम्या झालेल्या त्या हातात काय द्यायचे, याचे उत्तर मात्र मोठ्यांनी वेळ खर्चून शोधले पाहिजे.