धानाच्या गोदामातला रॉक बँड

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. अडखळणं आणि चहाचे घोट गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे गॅरेज रॉक, आणि तोही आमच्या मूलमधला. मूल म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. धानाचा पट्टा, त्यामुळे गावात राइस मिल भरपूर.

आधी गॅरेज रॉक म्हणजे काय ते सांगतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत गावोगावच्या शाळकरी पोरांनी बँड काढले. तालमीला हॉल नाही, म्हणून घरची गाडी बाहेर काढायची आणि गॅरेजात वाजवायचं. तीन-चार कॉर्ड, स्वस्त अँप्लिफायर, शिकवणारं कुणी नाही. १९६३ मध्ये 'द किंग्समेन' या बँडचं 'लुई लुई' गाजलं. त्यातले शब्द इतके अस्पष्ट होते की काही आक्षेपार्ह आहे का, याची एफबीआयनं चौकशी केली होती! आपल्याकडेही १९७० च्या सुमारास 'सिमला बीट' नावाची बँडची स्पर्धा व्हायची, एका सिगारेट कंपनीनं भरवलेली. तिच्या १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्ड आजही शौकीन लोक शोधत असतात.

आमच्यापर्यंत हे काहीच पोचलं नव्हतं. आमच्यापर्यंत पोचला २००८ चा 'रॉक ऑन' सिनेमा. त्या दिवाळीत आम्ही अकरावीतल्या चार पोरांनी बँड काढला. नाव सांगत नाही, हसाल. गॅरेज कुणाकडेच नव्हतं, पण आमच्या बेस गिटारवाल्याच्या वडिलांची राइस मिल होती. मिलच्या मागचं धानाचं गोदाम आम्हाला संध्याकाळी मिळायचं.

गोदामात आवाज का छान यायचा?

विटांच्या भिंती, वर टिनाचं छत. अशा रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर ती घुमते, कारण टणक पृष्ठभाग आवाज परत फेकतो. पण धानाच्या पोत्यांची थप्पी लागली की गोष्ट बदलते. तागाच्या धाग्यांमधून, दाण्यांच्या फटींमधून आवाजाची लाट आत शिरते आणि तिथे घासून घासून विरते. तिची थोडीशी उष्णता होते, बस. स्टुडिओत भिंतीला फोम लावतात तो याचसाठी. आमचा फोम शेतकऱ्यांनी आणून टाकलेला होता. पहिल्या हंगामात थप्पी छताला भिडली होती आणि आमचा प्रत्येक ठोका सुटा-सुटा ऐकू यायचा. आम्हाला वाटायचं, आपण फार भारी वाजवतो.

गिटारचा अँप्लिफायर परवडणारा नव्हता. म्हणून मंडपवाल्याकडचा जुना अँप्लिफायर आणि भोंगा. लग्नात 'जेवण तयार आहे' सांगायला असतो ना, तोच. गंमत अशी की गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल माईकच्या सिग्नलपेक्षा बराच जोरदार असतो. तो माईकच्या सॉकेटात घातला की अँप्लिफायरला झेपत नाही आणि लाटेचे शेंडे कापले जातात. हे कापणं म्हणजेच डिस्टॉर्शन, रॉकचा तो खरखरीत आवाज. लोक त्यासाठी वेगळे पेडल विकत घेतात, आम्हाला तो चुकीच्या सॉकेटमुळे फुकट मिळाला.

पण त्या आवाजात पूर्ण कॉर्ड वाजवला की नुसता चिखल व्हायचा. सा आणि प एवढेच दोन सूर घेतले की मात्र स्वच्छ. का? समजा सा २०० हर्ट्झवर आहे, तर प ३००. डिस्टॉर्शनमध्ये दोन सुरांच्या बेरजेचे आणि फरकाचेही सूर तयार होतात. ३०० आणि २०० चा फरक १००, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. आपोआप आलेला सूरही सुरातच! जास्त सूर घेतले की फरकांची गर्दी होते आणि सगळं गढूळ. रॉकवाले याला पॉवर कॉर्ड म्हणतात. तानपुऱ्यातली सा-पची जोडी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला ते वेगळं समजवावं लागत नाही.

बेसचं मात्र हाल. गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, बेस त्याच्याही एक सप्तक खाली. भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काढतच नाही. आमचा बेसवाला दीड वर्ष मन लावून वाजवत होता, आणि त्यातलं बहुतेक कुणाला ऐकूच आलं नाही. मिल त्याची, म्हणून कुणी बोललो नाही.

आमचा ड्रमर

चौथा गडी ड्रमर. त्याच्याकडे ड्रम नव्हते. प्लास्टिकचे पिंप, जर्मनची परात आणि एक जुना ढोलक. पण हात असा, की आम्ही तिघं चुकलो तरी गाणं पडायचं नाही. त्याच्या घरी दोन एकर धान. बारावीला असताना, म्हणजे २००९ च्या दिवाळीनंतर, तो तालमींना येईनासा झाला. विचारलं तर म्हणाला, "वडश्याले जाऊन रायलो. नाटकात बसतो आता, ऑक्टोपॅडवर."

आता बाहेरच्या मंडळींसाठी थोडं थांबतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात, आणि इथली नाटकं म्हणजे झाडीपट्टी रंगभूमी. धान कापून झालं की भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, आणि तेव्हापासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. गावातलं मंडळ कंपनीशी प्रयोग ठरवतं आणि तिकीट लावतं. नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. अशा कंपन्यांचं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. मूलहून रेल्वेनं सिंदेवाही, नागभीड, ब्रम्हपुरी करत तिथे जाता येतं. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेर थोडं नाव झालं.

या नाटकांत संगीत जिवंत वाजतं. स्टेजच्या पुढ्यात, प्रेक्षकांच्या आणि नटांच्या मध्ये, वादक बसतात. ऑर्गन, तबला-ढोलकी आणि ऑक्टोपॅड. रोलंड कंपनीनं पहिला ऑक्टोपॅड १९८५ मध्ये काढला. आठ रबरी चौकोन, काडीनं मारले की प्रत्येकातून वेगळा आवाज. अख्खा ड्रमसेट एका पेटीत मावतो, आणि रोज नवं गाव गाठणाऱ्याला आणखी काय पाहिजे?

मला तेव्हा हे काहीच दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की जानेवारीत कॉलेजचं गॅदरिंग आहे, आपला पहिला प्रोग्रॅम आहे, आणि त्याच रात्री याचं कुठल्यातरी गावात नाटक आहे.

गॅदरिंग

त्याच्याशिवाय गेलो. कीबोर्डातला तयार ठेका लावला. दुसऱ्या गाण्यात लाइट गेली. ठेका बंद, गिटार बंद, माईक बंद. आम्ही तिघं अंधारात हात लोंबकळत ठेवून उभे. पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि लाइट आली तोवर पुढचा डान्स स्टेजवर चढला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला रस्त्यात गाठलं आणि नको ते बोललो. म्हणालो, तुझ्यामुळे नाक कापलं गेलं. आणि म्हणालो, नाटकात वाजवणं म्हणजे काही म्युझिक नाही. तो एवढंच म्हणाला, "यंदा धान नाही झालं बे."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझे वडील नोकरीवाले, पगार एक तारखेला.

नंतर लक्षात आलं, की गोदाम आम्हाला आधीच सांगत होतं. २००९ चा पाऊस देशभर कमी झाला होता. त्या हंगामात पोत्यांची थप्पी छताजवळ गेलीच नाही, आणि आमचा आवाज घुमायला लागला. आम्ही वायरी बदलल्या, भोंग्याची जागा बदलली, अँप्लिफायर उघडून पाहिला. पोती कमी आहेत हे समोर दिसत होतं, पण ती का कमी आहेत, हा प्रश्न चौघांपैकी तिघांना पडला नाही.

पिटात

होळीच्या आधी बेसवाला मला ओढत एका नाटकाला घेऊन गेला. गाव सिंदेवाहीकडचं. आम्ही वादकांच्या अगदी मागे सतरंजीवर बसलो. ड्रमरनं आम्हाला पाहिलं, मान हलवली, आणि पुन्हा वर नजर.

ती नजर मी पहिल्यांदाच नीट पाहिली. तो हाताकडे बघतच नव्हता, नटाच्या खांद्याकडे बघत होता. खलनायकाचा खांदा हलला की थप्पड येणार, आणि थपडेचा आवाज काढायचा त्यानं. क्षणभर उशीर झाला तर लोक हसतील. एक नट वाक्य विसरला. ऑर्गनवाल्यानं सूर धरून ठेवला, यानं हलका ठेका सुरू केला, तोवर प्रॉम्प्टरनं वाक्य दिलं. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय.

रात्री अडीचच्या सुमारास लाइट गेली. ऑर्गन बंद, ऑक्टोपॅड बंद. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं आता शिट्ट्या. पण तबला थांबला नाही. आणि आमच्या ड्रमरनं ऑक्टोपॅडची रिकामी पेटी उलटी करून तीच वाजवायला घेतली. बाई माईकशिवाय गात राहिल्या. जनरेटर सुरू झाला तेव्हा गाणं अंतऱ्यावर होतं, आणि ऑर्गनवाला तिथूनच आत शिरला.

गॅदरिंगला ड्रमर असता तर लाइट गेल्यावर त्यानं काय केलं असतं, ते मला तिथे बसून कळलं. तसं तो गोदामात रोज संध्याकाळी करायचा, परातीवर.

पहाटे शेकोटीजवळ त्याला भेटलो. मी म्हणालो, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो." तो म्हणाला, "हो, चुकीचंच बोलला होता." मग चहा सांगितला, आणि पैसे त्यानंच दिले.

बँड तिथेच संपला. मी इंजिनिअरिंगला नागपूरला गेलो, बेसवाला मिल सांभाळतो. ड्रमर अजून हंगामात वाजवतो, बाकीचे महिने शेती. हा भाग करू का, म्हणून त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, कर, पण बेस ऐकू यायचा नाही तेही सांग. सांगितलं.

भाऊबीजेनंतर इकडे आलात तर एक नाटक बघाच. शक्यतो पुढे बसा, वादकांच्या मागे, आणि शाल घेऊन या. भेटू पुढच्या भागात.