बेस गिटारचा ॲम्प : खरा हलकेपणा आणि फसवा हलकेपणा

धर्मग्रामाचा सण असो, लग्नाचा स्वागतसमारंभ असो वा नाताळातील कॅरोलगायन, वाद्यवृंदात बेस गिटार असणे आता नवलाईचे राहिलेले नाही. मात्र हे वाद्य हाती घेणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक काम येते, ते म्हणजे ओझे वाहण्याचे. इतर गिटारवादक पिशवी खांद्याला अडकवून निघतात. बेसवादकाला मात्र ॲम्प्लिफायरसाठी रिक्षा ठरवावी लागते आणि गायनवृंदाच्या माळ्यावर जाणारा जिना अरुंद असला, तर दोन मित्रांना हाकही मारावी लागते. पाठदुखी जडली म्हणून वादन कमी करणारे वादकही असतात. त्यामुळे लहान आणि हलक्या संचाची मागणी रास्तच आहे. पण हलके म्हणून जे विकले जाते, त्यातील कोणता हलकेपणा खरा आणि कोणता फसवा, हे जाणून घेतल्याशिवाय खिशात हात घालू नये.

मुळात हे ओझे आले कोठून? बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झ इतका खालचा असतो आणि पाच तारांच्या बेसवर तो ३१ हर्ट्झपर्यंत उतरतो. इतका खालचा स्वर मोठ्याने ऐकू यायचा, तर स्पीकरला पुष्कळ हवा ढकलावी लागते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्याला पेलणारे ॲम्प जवळजवळ नव्हतेच. पुढे १९६९ साली ॲम्पेग कंपनीचा एसव्हीटी आला. ३०० वॉट, चौदा व्हॉल्व, आणि नुसत्या हेडचे वजन पस्तीस किलोंच्या घरात! त्याच्या जोडीची, आठ दहा-इंची स्पीकर असलेली पेटी आजही साठ किलोंहून अधिक भरते.

हे वजन उतरले ते तीन कारणांनी. पहिले कारण ‘क्लास डी’ रचना. या रचनेत ट्रान्झिस्टर एका सेकंदात लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतो. त्यामुळे उष्णतेत वाया जाणारी वीज फार थोडी असते आणि ॲल्युमिनियमच्या जाड पंख्यांची गरज उरत नाही. दुसरे कारण वीजपुरवठ्याचे. घरातील वीज ५० हर्ट्झची असते आणि त्या गतीवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला लोखंडाचा मोठा गाभा लागतो. नव्या यंत्रांत हीच वीज आधी अतिजलद स्पंदनांत बदलली जाते, म्हणून मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. तिसरे कारण म्हणजे १९८० च्या दशकात शोध लागलेले निओडिमियमचे चुंबक, ज्यांनी स्पीकरमधील जड फेराइटची जागा घेतली. परिणामी मार्कबासचा लिटल मार्क ३ हा ५०० वॉटचा हेड तीन किलोंहून कमी वजनाचा आहे, तर ट्रेस इलियटचा २०० वॉटचा ‘एल्फ’ एक किलोही भरत नाही. हा हलकेपणा खरा आहे. त्यात आवाजाचे नुकसान नाही.

पेटीचे मात्र तसे नाही. खालचे स्वर, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्याव्यात आणि तिसरीवर पाणी सोडावे. ध्वनिशास्त्रात हा ‘हॉफमनचा लोहनियम’ म्हणून ओळखला जातो. (हे हॉफमन विख्यात पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे चिरंजीव.) चुंबक कितीही हलका केला, तरी हवा ढकलण्याचे काम टळत नाही. जाहिरातीत एखादी चिमुकली पेटी ‘प्रचंड बेस’ देत असेल, तर ती वीज खूप खात असली पाहिजे किंवा सर्वांत खालचे स्वर गुपचूप गाळत असली पाहिजे.

म्हणूनच वॉटच्या आकड्यावर भाळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वॉट दुप्पट केले की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट वॉट लागतात. उलट ३ डेसिबलने अधिक संवेदनक्षम पेटी निवडली, तर तेवढीच वाढ फुकट पदरात पडते. तेव्हा आधी पेटी निवडावी, मग हेड.

त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर हवे. सभागृह भरण्याचे काम कोणाचे? साउंडवाल्याकडे मोठे सबवूफर असतील, तर हेडच्या मागील ‘डीआय’ जोडणीतून बेसचा आवाज थेट मिक्सरला द्यावा. मग तुमचा ॲम्प केवळ तुम्हाला आणि ड्रमवाल्याला ऐकू आला की पुरे. बारा इंची स्पीकर असलेला फेंडर रंबल १०० सारखा दहा किलोंचा कॉम्बो तेथे भागवतो. मात्र चर्चमधील भिंतीला लावलेले उभे, अरुंद स्पीकर प्रवचनासाठी असतात. त्यांतून बेस देण्याचा आग्रह धरू नये. अशा ठिकाणी, विशेषतः ड्रम असतील तर, हवा तुमच्याच पेटीला ढकलावी लागते.

या दोन्ही गरजा भागवणारा, आमच्या मते सर्वांत शहाणपणाचा संच म्हणजे एक हलका हेड आणि ८ ओहमच्या दोन सारख्या लहान पेट्या. गायनवृंदासाठी एक न्यावी, मैदानावरील कार्यक्रमाला दोन्ही. एकाच पेटीवर लिटल मार्क ३०० वॉट देतो, ५०० नव्हे. पण हा फरक जेमतेम २ डेसिबलचा आहे. दुसरी जोडली की ओहम चारवर येतात, वॉट वाढतात आणि हवा ढकलणारा पृष्ठभागही दुप्पट होतो. हेडवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली मात्र कधीही जाऊ नये. हेड व पेटी यांमध्ये स्पीकरचीच केबल वापरावी, गिटारची नव्हे.

नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला हेड असेल, तर तो तिकडच्या १२० व्होल्टचाच आहे की आपल्या २३० व्होल्टवरही चालतो, हे मागील पट्टीवर वाचल्याशिवाय पिन लावू नये. आणखी एक कटू सत्य: ही नवी यंत्रे बिघडली, तर नाक्यावरच्या मेकॅनिकला सहसा दुरुस्त करता येत नाहीत, पूर्ण सर्किटच बदलावे लागते. वॉरंटीचा दुरुस्तीखर्च कोण उचलणार, हे विक्रेत्याला आधीच विचारावे.

दगडी, उंच छताच्या चर्चमध्ये बेस घुमतो. पेटी कोपऱ्यात ठेवली तर घुमणे वाढते. ती खुर्चीवर, कानाच्या रोखाने ठेवली तर आवाज स्पष्ट होतो आणि बटणही कमी फिरवावे लागते. हेडवर ‘हाय-पास’ ची सोय असल्यास ती वापरावी. ऐकू न येणारे स्वर गाळले गेले की लहान स्पीकरचा जीव वाचतो.

दुकानात हळू आवाजात सगळेच ॲम्प गोड वाटतात. आपला स्वतःचा बेस न्यावा, सर्वांत जाड तार मोकळी सोडून छेडावी आणि आवाज हळूहळू वाढवत न्यावा. जेथे स्वर फाटू लागतो किंवा कागद फडफडल्यासारखा आवाज येतो, ती त्या पेटीची खरी मर्यादा.