गाय जे सोडते

गवतांच्या आणि चाऱ्याच्या अभ्यासासाठी १९६२ मध्ये राष्ट्रीय संस्था काढायची ठरली, तेव्हा जागा निवडली गेली ती झाशीची. भारतातली बहुतेक महत्त्वाची गवते झाशीच्या आसपास सापडतात आणि शहरही देशाच्या मधोमध, हे त्याचे कारण. झाशीतल्या मराठी माणसाला राणीचा किल्ला पाठ असतो. ही संस्था तितकी ठाऊक नसते, आणि मोकळ्या जागेवर उगवलेल्या मारवेल नावाच्या गवताकडे तर कोण वळून बघतो? पण सजीवांची उत्क्रांती कशी चालते हे समजून घ्यायचे असेल, तर शाळेच्या पुस्तकातल्या माकड ते माणूस या रांगेपेक्षा ही मारवेल कितीतरी जास्त उपयोगी आहे. त्या रांगेने आपल्या डोक्यात दोन घोटाळे पक्के केले : एक, प्राणी प्रयत्न करून बदलतो, दोन, बदल नेहमी वरच्या पायरीकडे जातो. गवत प्रयत्न करत नाही. त्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही. त्यामुळे गवतात जे बदलते, ते कोणाच्याही इच्छेवाचून बदलते, आणि यंत्रणा उघडी पडते.

झाशीभोवतालच्या बुंदेलखंडातली कुरणे ज्या प्रकारात मोडतात त्याला गवतांचे अभ्यासक दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात सेहिमा-मारवेल गटाचे नाव दिले. विदर्भ-मराठवाड्यातली माळरानेही याच गटातली, म्हणून तिथल्या वाचकाला यातले काही परके वाटू नये. अशा कुरणावर गुरे फार झाली की मऊ, रसाळ सेहिमा आणि मारवेल मागे पडतात आणि कुसळी पुढे येते. कुसळीला फुलोरा आला की तिचे टोकदार कुसळ जनावराच्या तोंडाला टोचते, म्हणून जनावर ती टाळते. तेच कुसळ ओल लागली की पिळे सोडते, वाळले की पुन्हा पिळते आणि बी मातीत घुसवते. बुंदेलखंडात पीक निघाल्यावर जनावरे मोकाट सोडायची ‘अन्ना प्रथा’ आहे. तिच्यामुळे शेतकऱ्याचे काय हाल होतात हे सर्वांना माहीत आहे, गवतांचे काय होते याची चर्चा फारशी होत नाही. मात्र इथे काटेकोर राहायला हवे. एका जातीच्या जागी दुसरी जात येणे ही उत्क्रांती नव्हे, तो फक्त कुरणाचा खालावलेला दर्जा. एकाच जातीच्या आत, वंशाने उतरणाऱ्या गुणांचे प्रमाण पिढ्यांमागून बदलले, तरच त्याला उत्क्रांती म्हणायचे.

असा बदल दाखवणारा एक जुना आणि विलक्षण साधा पुरावा अमेरिकेतला आहे. मेरीलँडमध्ये एका मालकाने नव्याने पेरलेल्या कुरणाचे दोन भाग केले. एकात गुरे सोडली, दुसरा गवत कापून वाळवण्यासाठी राखला. बी दोन्हीकडे एकच. तीन वर्षांनी केम्प नावाच्या शास्त्रज्ञाने दोन्ही बाजूंची रोपे उपटून एकाच वाफ्यात शेजारी शेजारी लावली. चरलेल्या बाजूची रोपे, आता कोणी चरत नसतानाही, मोठ्या संख्येने बुटकी आणि जमिनीलगत पसरणारी राहिली. राखलेल्या बाजूची उंच, सरळ वाढली. हा अहवाल १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकही रोप बुटके ‘झाले’ नव्हते. बुटकी आणि उंच अशी दोन्ही रोपे मुळात त्या पेरणीत होती. गुरांनी उंच खाल्ली, बुटकी जिभेखालून निसटली, आणि पुढचे बी व फुटवे त्यांचेच झाले. उत्क्रांतीचे सगळे सामान एवढेच : भेद, त्या भेदाचा वंशात उतरणारा भाग, आणि कोण टिकेल हे ठरवणारी परिस्थिती.

यातून दिशेचा प्रश्नही सुटतो. शेतकरी बियाण्यासाठी चांगले कणीस बाजूला काढतो आणि वाईट खातो. गाय नेमके उलटे करते : चांगले खाते, वाईट सोडते, आणि तिने सोडलेलेच बी धरते. चारा म्हणून पाहिले तर चरून चरून कुरण बिघडले. गवताच्या बाजूने पाहिले तर ते सुधारले. निसर्गाला कोणाची बाजू नसते. ‘सर्वांत लायक तो टिकतो’ हे वाक्य आपण बलवान तो टिकतो अशा अर्थाने वापरतो, पण मेरीलँडच्या त्या कुरणात लायक ठरले ते खुजे आणि जिभेखालून निसटलेले.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, हे आधीच असलेल्यांतून निवडणे झाले. नवे काय घडले? गवत गवतच राहिले. आक्षेपाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. निवड काही निर्माण करत नाही. नवेपण येते ते जनुकांची नक्कल होताना होणाऱ्या चुकांतून, आणि त्या चुका गरज पाहून होत नाहीत. वेल्समधल्या तांब्याच्या जुन्या खाणींच्या विषारी मातीवर एक साधे गवत उगवते. त्याच जातीचे शेजारच्या स्वच्छ कुरणातले बी त्या मातीत टाकले तर हजारात एखाददुसरेच रोप जगते, पण जगते. विष यायच्या आधीपासून ते विरळ गुण तिथे होते. खाणीवरचे गवत पुढे शेजाऱ्यांपेक्षा थोडे आधी फुलू लागले, म्हणजे परागांची देवाणघेवाणही कमी होऊ लागली. अंतर काही मीटरांचे, आणि जात फुटण्याची सुरुवात झालेली. आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र टिकत नाही. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरात अमेरिकेहून आलेल्या खाडीगवताचा स्थानिक गवताशी संकर झाला. १८७० मध्ये नोंदला गेलेला तो संकर वांझ होता. पुढे त्याची गुणसूत्रे दुप्पट झाली आणि १८९२ पर्यंत फळणारी, दोन्ही पूर्वजांहून वेगळी अशी नवी जात किनाऱ्यावर उभी होती. आपण रोज पोळीत खातो तो गहूही असाच तीन गवतांच्या संकरातून, गुणसूत्रे वाढत वाढत आलेला आहे.

खरा अवघड आक्षेप झाशीतच उगवतो. मारवेल, कुसळी, अंजन, गिनी या गवतांत बियातला गर्भ बऱ्याचदा बीजांडाचे परागाशी मीलन न होताच तयार होतो, आणि रोप हुबेहूब आईसारखे येते. भेदच नसेल तर निवडायचे काय? आणि तरीही ही गवते अर्धे जग व्यापून बसली आहेत. म्हणजे भेद आणि निवड हा सिद्धांतच लंगडा? उलट, इथे तो जास्त स्पष्ट होतो. जमलेला गुणसंच न मोडता हजारो बियांत उतरवायचा ही आजच्या परिस्थितीसाठी उत्तम चाल आहे. परिस्थिती बदलली की तीच महागात पडते. म्हणूनच यांतली बरीच गवते दार पूर्ण बंद करत नाहीत. मारवेलीत काही बी मीलनाने, काही त्याविना. अंजन गवतात मीलनाने फळणारे रोप अमेरिकेतल्या संशोधकांना फार उशिरा, १९५० च्या दशकाअखेरीस हाती लागले आणि तेव्हाच त्याचा संकर करता आला. अधूनमधून अर्ध्या गुणसूत्रांचे बीजांड मीलनाविनाच फळते, किंवा पूर्ण गुणसूत्रांच्या बीजांडाशी पराग मिळतो, आणि गुणसूत्रांची पट बदलते. झाशीच्या संस्थेत गिनी गवतावर नेमके हेच वापरून, गुणसूत्रांचे चार संच असलेल्या एकाच झाडापासून निरनिराळ्या पटींच्या रोपांची मालिका तयार करण्यात आली. जे निसर्गात क्वचित घडते ते प्रयोगशाळेने मुद्दाम घडवले. सिद्धांत चुकीचा असता तर अशी रोपे मिळण्याचे कारण नव्हते.

उरला काळाचा प्रश्न. गवत आणि गुरे यांनी एकमेकांना घडवले, हे म्हणायला पुरावा किती जुना? गवताच्या पेशींत वाळूचेच द्रव्य असलेले सूक्ष्म कण असतात. पान कुजले तरी ते उरतात, आणि चरणाऱ्यांच्या दातांची झीज करतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे सापडलेल्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे गवताचे कण मिळाले, त्यांत भाताच्या आणि बांबूच्या नातलगांचेही. २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे प्रसिद्ध होईपर्यंत गवतांचा खरा विस्तार डायनोसॉर संपल्यानंतरचा मानला जात असे. तो अंदाज सोडावा लागला. हे सिद्धांताचे अपयश, असेही काही जण म्हणतील. पण तारीख मागे सरकली, वंशवृक्षाचा क्रम उलटला नाही. गवत फुलझाडांच्या आधी कुठे सापडले असते तर मात्र गोष्ट वेगळी होती.

विश्वास ठेवायचा नसेल त्याने ठेवू नये. झाशी असो की वरोरा, बऱ्याच वर्षांपासून कुंपण घातलेले एखादे आवार आणि त्याला लागून चरून गेलेले रान सहज सापडते. दोन्हीकडून मारवेलीचे पंचवीस-पंचवीस ठोंब खणून आणावेत, एकाच वाफ्यात मिसळून लावावेत, खुणेच्या काड्या रोवाव्यात, पाणी सारखे द्यावे आणि दोन पावसाळे हात लावू नये. उंचीतला फरक मिटला तर तो केवळ चरण्याचा तात्पुरता परिणाम होता. फरक टिकला तर तो वंशात उतरलेला आहे.