कटकट, किरकिर, चिडचिड : लहान गोष्टी एवढ्या का खुपतात?

अभ्यस्त शब्द शिकवताना आपण फळ्यावर नेहमीची उदाहरणं लिहितो. लाललाल, हळूहळू, किरकिर, कटकट. मुलं ती वहीत उतरवून घेतात, परीक्षेत दोन गुण मिळतात आणि विषय संपतो. पण या यादीकडे जरा थांबून पाहिलं तर एक गंमत दिसते. मोठ्या दुःखासाठी मराठीत भारदस्त शब्द आहेत : शोक, वियोग, संकट, आपत्ती. रोजच्या बारीकसारीक त्रासाला मात्र आपण आवाजाचंच नाव दिलं. कटकट, किरकिर, कुरकुर, पिरपिर, भुणभुण, टकटक. 'चिडचिड'मध्ये आवाज नाही, पण तिथंही 'चिड' दोनदा आलंच. एकदाच 'कट' झालं तर कोणाचं काही बिघडत नाही, दुसऱ्यांदा 'कट' झालं की कान टवकारतात. त्रास आवाजात कमी आणि तो पुन्हा येण्यात जास्त आहे, हे आपल्या भाषेला फार आधीपासून माहीत असावं. (व्याकरणाचा तास रटाळ असतो म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात एकदा करून पाहावं.)

मानसशास्त्राला हे उशिरा सुचलं. १९६७ साली अमेरिकेत होम्स आणि राहे या दोघांनी ताणाची एक यादी केली. तिच्यात आयुष्यातल्या ४३ घटना होत्या आणि प्रत्येकीला गुण दिलेले होते. जोडीदाराचा मृत्यू १०० गुणांवर, त्याखाली घटस्फोट, तुरुंगवास, आजारपण, नोकरी जाणं. म्हणजे माणूस खचतो तो मोठ्या घावांनी, अशी समजूत. १९८१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट बाजूनं सुरुवात केली. त्यांनी रोजच्या ११७ कटकटींची यादी बनवली. वस्तू हरवणं, महागाई, घराची डागडुजी, करायची कामं जास्त आणि वेळ कमी, अशा गोष्टी तिच्यात होत्या. शंभर मध्यमवयीन माणसांकडून ती महिन्यामहिन्याला भरून घेतली. निष्कर्ष असा निघाला की माणसाच्या मनाची तब्येत कशी आहे याचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून जास्त बरोबर बांधता येतो. अर्थात दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. घरात कोणी गेलं की त्यानंतर बँकेचे हेलपाटे, कागदपत्रं, नातेवाइकांचे फोन सुरू होतात. मोठं दुःख पुष्कळदा लहान कटकटींच्या रूपानंच घरात राहायला येतं.

आता प्रश्न असा की बाजूच्या बाकावर कोणी पेनचं बटण टकटक वाजवत असेल तर आपलं डोकं का फिरतं? आवाज मोठा नसतो. रस्त्यावरून जाणारा ट्रक त्याच्या कितीतरी पट मोठा असतो आणि आपण मान वर करूनही पाहत नाही.

याचं चांगलं उत्तर ग्लास आणि सिंगर या दोघांच्या प्रयोगांत आहे. त्यांचं पुस्तक १९७२ साली आलं. त्यांनी लोकांना गोंगाटात बसवून कामं दिली. काहींना आवाज ठरावीक वेळानं ऐकू यायचा, काहींना कधीही. आवाज चालू असताना दोघांची कामं जवळपास सारखीच झाली. फरक पडला नंतर. ज्यांच्या कानावर आवाज कधीही आदळत होता, त्यांच्या मुद्रितशोधनात पुढे जास्त चुका झाल्या आणि अवघड कोडी त्यांनी लवकर सोडून दिली. आणखी एका गटाला एक बटण दिलं होतं : फारच झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी त्यांची स्थिती चांगली राहिली. आवाज तेवढाच, पण 'मी थांबवू शकतो' एवढी खात्री हाताशी होती.

पेनच्या टकटकीचं हेच आहे. ती कधी थांबेल हे आपल्याला कळत नाही आणि थांबवणं आपल्या हातात नाही. शिवाय 'हा मुद्दाम करतो' असं मनात आलं की झालंच, अंगाचा तिळपापड! तीच टकटक आपण स्वतः करत असलो की ऐकूही येत नाही.

शिक्षकांच्या हातातलं उदाहरण घ्यायचं तर खडू. खडू फळ्यावर कर्रर्र करतो आणि अख्खा वर्ग कानावर हात ठेवतो. खडू क्षणभर चिकटतो, क्षणभर घसरतो, आणि हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा होतं, त्यातून तो आवाज निघतो. खडू मोडून अर्धा केला किंवा तिरपा धरला की तो बहुधा जातो, हे जुन्या गुरुजींना विज्ञान न वाचताही ठाऊक होतं. २०११ मध्ये दोन युरोपियन संशोधकांनी असे आवाज लोकांना ऐकवले. निम्म्यांना खरं सांगितलं की हा फळ्यावर नखं ओढल्याचा आवाज आहे, निम्म्यांना सांगितलं की हा आधुनिक संगीताचा तुकडा आहे. संगीत समजून ऐकणाऱ्यांनी तो कमी त्रासदायक ठरवला. पण त्यांच्या त्वचेवरचा घाम मोजला तर तो खरं माहीत असणाऱ्यांइतकाच! म्हणजे नाव बदललं की मनाचा निवाडा बदलतो, शरीर मात्र आपला हिशेब वेगळा ठेवतं. 'त्यात काय एवढं चिडायचं' असं म्हणून समोरच्याची चिडचिड जात नाही, ती यामुळेच.

आणि शरीराचा हिशेब म्हटला की वऱ्हाडात उन्हाळ्याबद्दल बोलावंच लागतं. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढं जातो हे आता बातमीतही फार मोठ्या अक्षरांत येत नाही. मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं. कामगारांना पाणी-पंख्याची सोय करा, शिकवणी वर्ग भर दुपारी घेऊ नका, असे आदेश निघाले. अशा दिवसांत माणूस कावणार नाही तर काय! अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात, तेही आपल्यासारखंच भाजणारं, १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सिग्नल हिरवा झाला तरी एक गाडी मुद्दाम उभी ठेवायची आणि मागचे किती हॉर्न वाजवतात ते मोजायचं. ऊन जसं वाढलं तसे हॉर्न वाढले, आणि ज्यांच्या गाड्यांच्या काचा उघड्या होत्या, म्हणजे एसी नव्हता, त्यांच्यात ते जास्त स्पष्ट दिसलं. अमरावतीच्या राजकमल चौकात दुपारी दोन वाजता उभं राहिलात तर हा प्रयोग तुम्हाला फुकटात पाहायला मिळेल.

आपल्या घरातला प्रयोग म्हणजे कूलर. ज्या घरात कूलर आहे त्या घरात 'आता पानी कोन टाकन?' हा प्रश्न एप्रिल ते जून रोज आहे. काम दहा मिनिटांचं. बादल्या भरायच्या, टाकीत ओतायच्या. पण ज्यानं काल टाकलं तो म्हणतो मी काल टाकलं, जो गारव्यात आडवा झालाय त्याला उठायचं नसतं, आणि पंप कोरडा फिरून घरघर करायला लागला की सगळे एकमेकांवर ओरडतात. शास्त्र साधं आहे. वाळ्याच्या ताट्यांतलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून कोरड्या हवेत कूलर जोरात चालतो. मृगाचे ढग आले, हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. मग 'बंद करा' आणि 'राहू द्या' असं नवीन भांडण सुरू. मला वाटतं, वऱ्हाडातल्या भावाभावांमधली निम्मी भांडणं कूलरनं लावली असतील. याची आकडेवारी मात्र कोणी ठेवलेली नाही.

एवढं होऊनही पाणी टाकण्याची पाळी कोणी भिंतीवर लिहून ठेवत नाही. का? इथं एक मजेदार विचार उपयोगी पडतो. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ साली तो मांडला. समजा तुम्ही अमरावतीत आहात. दोन किलोमीटरवर जायचं असलं तर वाटतं, जवळच आहे, पायी जाऊ. अर्धा तास लागतो. बडनेरा स्टेशन दहा किलोमीटरवर, म्हणून गाडी काढता आणि वीस-पंचवीस मिनिटांत पोचता. लांबचं ठिकाण आधी गाठलं, कारण ते लांब होतं! त्रासाचंही असंच होतं. घरात साप निघाला तर पाच मिनिटांत माणसं गोळा होतात. नळ थेंबथेंब गळत असेल तर तो तीन वर्षं गळतो. मोठ्या त्रासाला आपण उपाय शोधतो, मनाची समजूत घालतो, लोकांची मदत घेतो. लहान त्रास त्या उंबरठ्याच्या अलीकडे राहतो, म्हणून तो वर्षानुवर्षं आपल्याबरोबर जगतो.

अमरावती-अकोला रस्ता आठवा. त्याचं काम कित्येक वर्षं रखडलं होतं. खड्डे, धूळ, उशीर, पाठदुखी, आणि एसटीत एकच वाक्य : 'असाच हाय राजेहो हा रस्ता.' आणि जून २०२२ मध्ये त्याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर सलग ७५ किलोमीटर डांबरी काँक्रीटचा थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला, गिनीजमध्ये विक्रमाची नोंद झाली! पाच दिवसांच्या आत होऊ शकणारं काम. रस्ता म्हणजे नुसता वरचा थर नव्हे, खालची तयारी वेगळी असते, हे मान्य. तरीही इतकी वर्षं आपण त्याला 'असाच हाय' म्हणत होतो, हे विसरू नये.

इथं एक सावधगिरी हवी. कोणता त्रास किरकोळ हे ठरवतं कोण? पाण्याचं बघा. अकोल्यात नळ रोज येत नाही. काही दिवसांआड येतो आणि किती दिवसांनी, हे महानच्या काटेपूर्णा धरणात पाणी किती आहे त्यावर ठरतं. नळाची वाट पाहणं ज्याच्या घरी मोठी टाकी आणि मोटर आहे त्याच्यासाठी कटकट आहे. ज्या बाईला कामावर जायचंय आणि नळ कधी येईल सांगता येत नाही, तिची रोजी बुडते. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंच्या खारपाणपट्ट्यात, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या गावांत, विहिरीचं पाणीच खारं. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. पाहुण्याला ही गंमत वाटते. तिथल्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या रोज आहे, आणि म्हणूनच अकोल्यात चौऱ्याऐंशी खेडी योजनेसारखी नळयोजना करावी लागली. लोकांनी 'खारं तर खारं' म्हणून सोडून दिलं असतं तर ती झाली नसती. म्हणून 'छोट्या गोष्टींवर चिडू नका' हा सरसकट उपदेश मला पटत नाही. काही चिडचिड म्हणजे न लिहिलेला अर्ज असतो.

वर्गात हे जास्त जपून पाहावं लागतं, कारण तिथं चिडणाऱ्याच्या हातात अधिकार असतो. पन्नास मुलं, पत्र्याचं छत, पंखा कटकट करतोय, त्यात कोणीतरी डब्याचं झाकण पाडतं. त्या एका झाकणाच्या आवाजात सकाळपासूनचा सगळा हिशेब जमा झालेला असतो आणि तो ज्याच्या अंगावर फुटतो त्या पोराला कळतही नाही की आपण नेमकं काय केलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. पण 'तुझं नेहमीचंच आहे' हे वाक्य कोणत्या कलमात बसवायचं? घरीही तेच. साहेबावरचा राग साहेबावर निघत नाही, तो संध्याकाळी मुलाच्या अस्ताव्यस्त चपलांवर निघतो. चपला कालही तशाच होत्या.

यंदा आमच्या सातवीच्या वर्गात मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचं नाही, रोज डोक्यात जाणारी एक बारीक गोष्ट लिहायची. पेन नेतात आणि टोपण परत देत नाहीत. भाऊ मोबाइल भांड्यावर टेकवून पाहतो आणि भांडं वाजते. खिडकीची कडी वाऱ्यानं आदळते. 'सर, तुम्ही पाणी प्यायची सुट्टी झाल्यावरबी शिकवता.' एकानं लिहिलं, 'मले कोनी पूर्न नावानं हाक मारली की राग येते.' हसलो सगळे.

मग चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे मुलांनीच केले. वर्गात आज दुरुस्त होतील अशा, घरी बोलावं लागेल अशा, आणि आपल्या हातात नाहीत अशा. पहिला गठ्ठा एका दुपारीत संपला. कडीखाली पुठ्ठ्याची घडी बसवली, पंख्याचे ढिले स्क्रू शिपाईकाकांनी आवळले, टोपणांसाठी एक खोका ठेवला. सुट्टीची घंटा झाली की शिकवणं थांबतं, अर्ध्या वाक्यातसुद्धा. दुसऱ्या गठ्ठ्याच्या चिठ्ठ्या पालक सभेत वाचल्या, नावाशिवाय. 'चपला'वर तीन वडिलांनी एकमेकांकडे पाहिलं.

तिसऱ्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी होती : 'नळ शाळेच्या टायमाले येते. मी पानी भरून येतो, तर उशीर होते. मंग सगळे माझ्याकडं पाहातात.' नळाची वेळ बदलणं वर्गाच्या हातात नव्हतं. मुलांनी दाराजवळचा शेवटचा बाक रिकामा ठेवायचं ठरवलं. उशीर झाला की मागच्या दारानं यायचं, तिथं बसायचं, कोणी मान वळवायची नाही, हजेरी तासाच्या शेवटी होईल. आता आठवड्यातून एखाद-दोनदा तो बाक भरतो. कोण बसतं ते सगळ्यांना दिसतं, आणि कोणी काही म्हणत नाही.